आवाज कुणाचा बसला?

आधी चहा घ्या, गार होतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मीना वरून खाली यायच्या आत. झाल्या प्रकाराला वर्ष होत आलं, तरी तिच्या लेखी हा अजून विनोद झालेला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी पुरता झालेला नाही. पण गाढवपणा माझा आहे, तेव्हा सांगायचाही मीच.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. इंग्लंडात आलो तेव्हा डोक्यावर भरपूर केस होते. निवृत्त झालो तेव्हा फक्त अनुभव उरला होता. तीस वर्षं लोकांच्या कानांत डोकावलो. निवृत्तीनंतर आमच्या मिल्टन कीन्समधली माणसं एकतर बागेत राबतात, नाहीतर क्रूझवर जातात. मला दोन्हींत गती नाही. मी ठरवलं, आता गाणं ऐकायचं. आणि ऐकायचं म्हणजे नीट ऐकायचं!

पुढच्या खोलीत माझे दोन स्पीकर आहेत, छोट्या कपाटाएवढे. मध्ये ॲम्प्लिफायर, तो उचलायला दोन माणसं लागतात. समोर एक खुर्ची. त्या खुर्चीत पाहुण्यांनी बसायचं नाही, हा घरातला अलिखित नियम. मीना म्हणते, देवघरालासुद्धा आपल्याकडे इतकं सोवळं नाही.

तर झालं असं, की माझा जुना सीडी प्लेयर गेला. बटण दाबलं की त्याचा कप्पा अर्धा बाहेर यायचा, जीभ दाखवल्यासारखा, आणि परत आत. आता गाणं आणायचं कुठून?

हा प्रश्न मी श्रीरंगला विचारला. श्रीरंग म्हणजे माझा इथला सगळ्यात जुना मित्र. आयटीत होता, तोही आता निवृत्त. त्याला असला प्रश्न विचारणं म्हणजे कीर्तनकाराला माइक देणं.

"डॉक्टर, सीडी विसर आता. स्ट्रीमर घे."

"ते काय असतं?"

"पेटी असते छोटी. इंटरनेटवरनं गाणं घेते आणि तुझ्या ॲम्प्लिफायरला देते. तुझ्या सगळ्या सीड्या मी कॉम्प्युटरवर चढवून देतो, त्याही तीच वाजवेल. उठायला नको, बसायला नको."

"आणि आवाज?"

"सीडीइतकाच स्वच्छ. कदाचित जास्तच."

शेजारच्या गावात हायफायचं एक जुनं दुकान आहे. मालक मिस्टर हॅरिस, सत्तरीचा माणूस, टाय लावून बसतो. त्याने एक स्ट्रीमर आठवडाभर घरी नेऊन ऐकायला दिला. श्रीरंगने जोडून दिला. मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि आवडता यमन लावला.

काय सांगू! सतारीवर कुणी गोधडी टाकली होती. तानपुऱ्याची जवारी, तो मधमाश्यांसारखा गुंजारव, तो नाहीच. तबल्याचा डग्गा होता, पण चाटेवरची, म्हणजे तबल्याच्या कडेवरची, टिचकी गायब.

"श्रीरंग, हे बंद आहे रे."

"काय बंद आहे?"

"आवाज. कोंदट वाटतोय. वरचं काही येतच नाहीये."

श्रीरंगने कान टवकारले. "मला तर सुरेख वाटतंय."

"तू आयटीवाला," मी म्हणालो. "तुला वाजलं म्हणजे झालं."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं, पण श्रीरंगने ते लक्षात ठेवलं.

हॅरिसकडून दुसरीही पेटी आणली. तीही कोंदट! मग श्रीरंगने तिसरा मार्ग सुचवला. लॅपटॉपवरून गाणं वाजवायचं आणि मध्ये एक डॅक लावायचा. डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. तीही आणली. तीही तशीच. मग मी म्हटलं, खोलीचा दोष असेल. गालिचा काढला. पडदे काढले. सोफा दाराजवळच्या पॅसेजमध्ये नेऊन ठेवला, तिथे तो महिनाभर होता आणि पोस्टमनने दोनदा विचारलं, घर सोडताय का म्हणून.

मीनाने हे सगळं मुकाट्याने सोसलं. ती स्वतः गाणारी आहे, हे सांगायला हवं. अगदी मोठी गायिका नव्हे. पण लग्नाआधी बारा वर्षं गुरूंकडे शिकलेली, आणि इथे आल्यावर, दोन नोकऱ्या आणि एक मुलगी सांभाळून रियाज न सोडलेली. आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होतो, त्याची सुरुवात गेली वीस वर्षं तिच्या गाण्याने होते. रोज सकाळी स्वयंपाकघरात, फोनवर तानपुरा लावून, ती गाते. आमच्या घरात सकाळ झाल्याची खूण तीच.

मी तिला आणि श्रीरंगला सोफ्यावर बसवलं. सोफा पॅसेजमध्येच होता, म्हणून खोलीचं दार उघडं ठेवलं. यंत्रांवर टॉवेल टाकला आणि परीक्षा सुरू केली. आधी पहिलं, मग दुसरं, मग तिसरं.

"काय फरक वाटला?"

"तिन्ही छान," मीना म्हणाली.

"तिन्ही वाईट! तुम्हाला वरचे स्वर कमी वाटत नाहीत?"

"नाही हो."

"तुझ्यासारख्या गाणाऱ्या बाईने असं म्हणावं?"

ती सोफ्यावरून उठली. मग म्हणाली, "जेवण सातला."

"काय आत लावू?"

"सातला! सात वाजता!"

"मग तोंड उघडून बोल ना. हल्ली तू फार पुटपुटतेस."

हसलात ना? हसा. तुमच्या लक्षात केव्हाच आलं. तीस वर्षांत किमान तीन हजार नवरे माझ्यासमोर खुर्चीत बसून हेच वाक्य बोलले होते. 'डॉक्टर, बायको पुटपुटते.' आणि मी बायकोकडे बघून हसत असे, कागद पुढे ओढून चाचणी लिहून देत असे. पण स्वतःच्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडताना मला त्याची ओळख पटली नाही.

श्रीरंगने शेवटी मापाचा माइक आणून स्पीकरसमोर ठेवला आणि लॅपटॉपवर आलेख दाखवला. "हे बघ. वरचे स्वर इथे आहेत. पेटीतून निघतायत, स्पीकरमधून बाहेर पडतायत, खोलीत येतायत."

"मग मला का ऐकू येत नाहीत?"

श्रीरंगने आलेखावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला शंका आली होती. पण मित्राला, तेही कानाच्या डॉक्टरला, ते सांगायचं कसं?

"मग तुझा माइक खोटा," मी म्हणालो. "आणि तू त्या हॅरिसचा एजंट झालायस."

श्रीरंगने माइकची वायर शांतपणे गुंडाळली, कोट घातला आणि गेला. पुढचे दोन महिने आला नाही. त्याच संध्याकाळी मी मिस्टर हॅरिसला पत्रही लिहिलं. चांगलं दीड पान. 'आपण सदोष माल विकता' इथून सुरुवात होती.

इथवर सगळं चालून गेलं असतं. माणूस म्हातारपणी हट्टी होतो, लोक समजून घेतात. खरा गाढवपणा पुढे आहे.

माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. म्हटलं, परक्यांच्या गाण्यांवर परीक्षा कशाला? चाळीस वर्षं जो आवाज ऐकतोय, त्याच्यावर घेऊ. मीनाला खोलीत बसवलं, रेकॉर्डर लावला आणि म्हटलं, गा. ती यमनच गायली, दहा मिनिटं. मग तेच रेकॉर्डिंग मी स्ट्रीमरवर लावलं.

समोर बसून गायली, तेव्हा आवाज कोंदट वाटला. स्ट्रीमरवर ऐकला, तेव्हाही तितकाच कोंदट वाटला. दोन्ही तंतोतंत सारखे!

आता या माहितीवरून शहाण्या माणसाने काय निष्कर्ष काढावा? आणि मी काय काढला?

मी काढला तो असा, की यंत्र अगदी प्रामाणिक आहे. आवाजच बसलाय.

"कसं झालं?" मीनाने विचारलं. डोळ्यांत उत्सुकता होती. मी आजवर तिचं गाणं कधी असं समोर बसून, रेकॉर्ड करून ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटलं होतं त्याचं.

मी तिच्याशेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला. आणि जो चेहरा करून मी लोकांना वाईट बातम्या दिल्या, तो चेहरा करून म्हणालो, "मीना, वयाप्रमाणे होतं असं. घशातल्या स्वरपट्ट्या सैल पडतात. आवाजातली धार जाते. कुणाचाच इलाज नसतो त्याच्यावर."

"धार गेली?"

"बरीच. तुला म्हणून सांगतो, बाकी कुणी सांगणार नाही. दिवाळीला आता एखाद्या नव्या मुलीला गाऊ दे."

फोनवरचा तानपुरा चालू होता, तो तिने बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने मंडळात फोन करून सांगितलं, यंदा मी गाणार नाही. कारण विचारलं तर म्हणाली, घसा बरा नाही. आणि सकाळचा रियाजही थांबला.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू? तिने गाणं थांबवलंय, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. तेही माझ्या नाहीच आलं, इराच्या आलं.

इरा आमची मुलगी. इथेच जन्मली, ब्रिस्टलला शाळेत शिकवते. मराठी बोलते, पण व्याकरणाला दुरूनच नमस्कार करते. शनिवारी आली, बॅग ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, तू गात का नाही आहेस?"

"बस झालं आता गाणं."

"काय बस झालं? आणि बाबा, तो आवाज कधीपासून येते आहे?"

"कुठला आवाज?"

"वरती. स्मोक अलार्मची बॅटरी गेला आहे. चिर्प करतो आहे."

"मला नाही काही ऐकू येत."

मीना चपात्या लाटता लाटता म्हणाली, "आठ दिवस झाले. दोनदा सांगितलं मी यांना."

इराने मला हात धरून जिन्यात नेलं. आम्ही त्या धुराचा इशारा देणाऱ्या पांढऱ्या डबीच्या बरोबर खाली उभे राहिलो. ती वर बघत होती, मीही वर बघत होतो.

"आता," ती म्हणाली.

मी वाट बघत राहिलो.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "बाबा, आता झाला."

"काय झालं?"

तिने माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या एखाद्या मुलाकडे बघावं तशी. ओरडली नाही, हसली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच नाही ऐकू आली?"

त्या जिन्यात उभ्या उभ्या मला सगळं कळलं. सतारीवरची गोधडी, तबल्याची टिचकी, सातचं आत, श्रीरंगचा माइक, आणि मीनाचा घसा. एकामागून एक. मी पायरीवर बसलो. खाली लाटणं चाललं होतं, त्याचा आवाज मात्र स्पष्ट येत होता. खालचे आवाज येतातच. जातात ते वरचे. हे मला ठाऊक नव्हतं होय? मी यावर भाषणं दिली होती!

चाचणीला मीना बरोबर आली. तपासणारी मुलगी तरुण, फार तर अठ्ठावीसची. तिला माझं नाव माहीत होतं, त्यामुळे बिचारी अवघडली होती. मला त्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेतून मला ती दिसत होती. बराच वेळ मी काही दाबलंच नाही, तेव्हा तिची मान किंचित खाली गेली. रुग्णाला चेहरा दिसू नये म्हणून मीही तशीच मान खाली घालत असे.

तिने आलेख टेबलावर ठेवला. "हे काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको," ती इंग्रजीत हळूच म्हणाली.

डावीकडे खालचे स्वर, तिथे रेघ सपाट; उजवीकडे वरचे, तिथे घसरगुंडी. असे आलेख मी हजारोंनी पाहिले होते. खाली पहिल्यांदा माझं नाव होतं.

घरी परतताना गाडी मीना चालवत होती. आमच्याकडे दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचा गोल चौक, येतो, त्यामुळे गंभीर बोलायचं तर वाक्य मध्येच तुटतं. तिसऱ्या राउंडअबाउटला मी म्हणालो, "मीना, तुझ्या आवाजाला काही झालेलं नाही."

तिने गिअर बदलला.

"माझ्या कानांना झालंय. मी तुला वाटेल ते सांगितलं."

पुढचा राउंडअबाउट गेला. मग ती म्हणाली, "मला वाटत होतं, आवाज ठीक आहे म्हणून. गाताना कळतं ना."

"मग भांडली का नाहीस? मला वेड्यात का नाही काढलंस?"

"तुम्ही डॉक्टर म्हणून सांगितलंत. असा हात बित धरून. जग तुमच्यावर विश्वास ठेवायचं, मीही ठेवला."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने इंडिकेटर लावला आणि गाडी आमच्या रस्त्याला वळवली.

पंधरा दिवसांनी कानांमागे दोन छोटी यंत्रं आली. बाहेर पडलो आणि दचकलो! माझ्या बुटाखालची खडी वाजत होती. हातातला कागद कडकडत होता. गाडीतल्या इंडिकेटरला टिकटिक असते, हे मी विसरूनच गेलो होतो. घरी आलो, इराने बदललेली असूनही स्मोक अलार्मची बॅटरी काढली आणि कपाटातली जुनी, अर्धमेली घातली. खाली उभा राहिलो. चिर्प! इतका कर्कश आवाज, आणि त्याच्यासारखं गोड काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग माफीचा दौरा निघाला. आधी श्रीरंगकडे. दार उघडल्यावर तो माझ्या कानांकडे बघत राहिला.

"कळलं?" त्याने विचारलं.

"कळलं. तुझा माइक खरा होता."

"दीड महिना मी तो दुसऱ्या माइकशी ताडून बघत होतो रे! मलाच वाटायला लागलं, आपलं काहीतरी चुकतंय."

बघा, म्हणजे मी आणखी एका भल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास घालवला होता. पण श्रीरंग तो श्रीरंग. चहा पाजून म्हणाला, "चल, हॅरिसकडे जाऊ. ते पत्र मागे घे आधी."

मिस्टर हॅरिसने पत्र फाइलला लावून ठेवलं होतं. मी शब्द जुळवत उभा होतो. त्याने मला पुरं बोलूही दिलं नाही. डोकं किंचित वळवलं आणि पांढऱ्या केसांआडून स्वतःच्या कानामागचं यंत्र दाखवलं.

"माझ्याकडून दोन चांगले स्पीकर भंगारात गेले, तेव्हा कळलं मला," तो म्हणाला.

मी पहिलाच स्ट्रीमर विकत घेतला. तोच, ज्याच्यात वरचे स्वर नव्हते. घरी येऊन जोडला आणि मीनाचं ते दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं. एकटाच होतो. त्या आवाजाची धार कुठेही गेली नव्हती. जिथे होती तिथेच होती. श्वास घेताना ती किती हळू घेते, तेसुद्धा ऐकू येत होतं. मी तेच पुन्हा पुन्हा लावत राहिलो. डोळे कितीदा पुसले ते विचारू नका.

पण मीना गाईना. दिवाळी होऊन गेली, दुसऱ्याच कुणी तरी सुरुवात केली. मी रोज विचारायचो, ती म्हणायची, "बघू." मी तानपुरा लावून दिला, ती तो बंद करून भाजी चिरायला बसायची. एकदा सांगितलेलं मागे घेता येतं, असं आपल्याला वाटतं. ऐकणाऱ्याच्या आत ते जाऊन बसलेलं असतं.

मग एका रविवारी दुपारी, बाहेर थंडी, आत हीटिंग चालू, मी पेपर वाचत होतो. ती आली. माझ्या त्या सोवळ्यातल्या खुर्चीत बसली. चालतं म्हटलं, बस! समोर सोफ्यावर मला बसायला सांगितलं आणि म्हणाली, "यंत्रं घातलीत ना?"

"घातली आहेत."

आणि ती गायली. यमन. डोळे मिटून, पंधरा-वीस मिनिटं. मी हललोसुद्धा नाही. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांत मी तिचं गाणं असं पहिल्यांदाच ऐकत होतो.

फक्त एका जागी गडबड झाली. यमनात जो मध्यम अजिबात चालत नाही, नेमका तोच तिने ठोकून लावला. एकदा नाही, दोनदा. खिळा ठोकावा तसा. मी दचकलो. पण तोंड उघडलं नाही! म्हटलं, बाबा रे, एकदा तोंड उघडून काय झालं ते पाहिलंस. इतक्या दिवसांनी गातेय, सवय सुटली असेल. चूक माझीच.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले.

"कसं झालं?"

"अप्रतिम," मी म्हणालो. "कुठेही काडीचासुद्धा दोष नाही."

"अंतराही?"

"अंतरा तर फारच सुंदर."

ती जरा पुढे झुकली. "अंतऱ्यात मी मुद्दाम शुद्ध मध्यम लावला. दोन वेळा. म्हटलं, बघावं, आता तरी खरं ऐकू येतंय का, आणि खरं सांगतायत का. ऐकू आला नाही तुम्हाला?"

आता तुम्हीच सांगा, माणसाने करावं काय? आला म्हणावं, तर मी खोटारडा. नाही म्हणावं, तर ठार बहिरा. मी छताकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. मग कानामागे हात धरला आणि अगदी निरागस चेहऱ्याने विचारलं,

"काय म्हणालीस?"